दारावर आलेली माणसं

मळा, ता. निफाड
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय किशोरभाऊजी,

उज्वलावहिनीचा नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन करता आला असता, पण आपल्या घरात फोन म्हणजे चावडी. मी "हॅलो" म्हटलं की आमची तेजल अभ्यास सोडून खांद्यावरून डोकावते, तुमचे दादा "कोण आहे गं?" म्हणून ओरडतात, आणि आत्याबाईंचे डोळे अधू झाले तरी कान अजून तिखट आहेत. त्यांच्यासमोर तुमचं नाव काढायची सोय नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मामंजी गेले तेव्हा तुम्ही शूटिंगवर होतात, फोन बंद. पोचलात तोवर सगळं उरकलं होतं. "बापाला खांदा द्यायला आला नाही, आता या दारात पाय ठेवू नको," असं आत्याबाई बोलल्या, तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी शब्द धरून ठेवला, तुम्हीही ठेवलात. मायलेक एकाच मातीचे! असो, आज तो विषय नाही.

विषय असा, की मी फिल्म करतेय. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

नाशिकला एका कॉलेजात बायकांसाठी मोबाइलवर लघुपट शिकवायचं शिबिर होतं. बचत गटातून सरिताने माझं आणि तिचं नाव दिलं आणि ऐनवेळी स्वतः माघार घेतली. एकटीच गेले. आता पाच मिनिटांची फिल्म करून ५ जानेवारीच्या आत पाठवायची. ज्यांची आवडेल त्यांना पुढे महिनाभर शिकवणार आहेत. मला ते शिकायचंय, भाऊजी. लग्नानंतर पहिल्यांदा मला स्वतःसाठी काहीतरी इतकं हवंसं वाटतंय.

शिबिरापासून मला वेडच लागलंय. बोटांची चौकट करून सगळ्याकडे बघते. काल तव्यावरची भाकरी फुगताना जवळून कशी दिसेल म्हणून बघत बसले, ती जळली, दादा उपाशी.

माझी गोष्ट साधी आहे. सासू जाते, लोक दारावर येतात, सांत्वनाला बसतात, आणि जन्मभर जिच्याशी भांडली तिच्यासाठी सुनेला रडू येतं. सासूचा नुसता फोटो. आत्याबाईंना घाबरत विचारलं, "तुमच्या फोटोला माळ घातली तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "घाल की. मरंल तर फोटो मरंल, मला काय होतंय?" दादांचं तोंड मात्र एवढंसं झालं.

आता सांगा. शिबिरातले सर म्हणाले, "अभिनय करू नका." मग काय करायचं? पाच मिनिटांच्या फिल्मसाठी तासभर का घ्यायचं? आणि लोकांची नजर मोबाइलकडे जाऊ नये म्हणून काय करता?

आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. नाशिकला लेकीकडे, संध्याताईंकडे, राहतील आठवडाभर.

तुमची,
उज्वलावहिनी


गोरेगाव, मुंबई
२६ नोव्हेंबर २०२४

वहिनी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. गेली कित्येक वर्षं मी एडिटर म्हणून दुसऱ्यांच्या फिल्म कापतोय, पण मला इतके चांगले प्रश्न कुणी विचारले नाहीत. मोठी माणसं लेन्सचा नंबर विचारतात.

अभिनय करू नका म्हणजे काय? तुम्ही आईसमोर दिवसभर जे करता तेच करा. भाजी बिघडली तरी "छान झालीय" म्हणता ना, तसं. कॅमेऱ्यासाठी वेगळं काही काढायचं नाही.

मोबाइल लपवा. द्राक्षाच्या दोन क्रेट एकावर एक ठेवा, वरच्या फटीतून लेन्स, वर पोतं. ओटा, अंगण आणि फाटक एका चौकटीत मावेल इतकं लांबून घ्या. एकदा सुरू केला की हात लावू नका. "ॲक्शन" तर म्हणूच नका. तो शब्द ऐकला की आपली माणसं लग्नातल्या फोटोसारखी ताठ होतात. मध्येच कुणी बाहेरचं आलं तरी अडवू नका, थांबवू नका. येऊ द्या, बसू द्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, दादाचाही बंद ठेवा, नाहीतर ऐन दुःखात कुणीतरी कांद्याचा भाव विचारेल.

तासभर का घ्यायचं, तर शूट करताना आपलं लक्ष एकाच जागी असतं. नंतर निवांत बघा, चौकटीच्या कडेला बघा. पुष्कळदा खरी गोष्ट तिथे घडलेली असते.

माळेचं दादासारखंच मलाही आवडलं नाही. पण फिल्म तुमची आहे.

घरचं काही लिहू नका. फक्त आईचा डोळा कसा आहे तेवढं कळवा.

किशोर


मळा, ता. निफाड
१० डिसेंबर २०२४

प्रिय भाऊजी,

झालं! शूटिंग झालं! शनिवारी आणि रविवारी, दोन सकाळी. अजून नीट बघितलेलं नाही, कारण बागेत द्राक्षमण्यांची विरळणी चालू आहे, मजुरांच्या चहातून सुटका नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आत्याबाई शुक्रवारी रात्री नाशिकहून आल्या. डोळा छान आहे. त्यांना हसू आवरत नाही म्हणून स्वयंपाकघरात बसवलं. ओट्यावर सतरंजी, खुर्चीवर फोटो, चंदनाची माळ, समई. दादा पांढरी टोपी घालून मुलगा झाले. तसे आहेतच म्हणा! मी सून, सरिता आणि तिची जाऊ पाहुण्या. सगळ्यांना सांगितलं, मान वर करायची नाही, बोलायचं नाही. दोन्ही फोन तुम्ही सांगितल्याप्रमाणे बंद केले, ते रविवार संपेपर्यंत बंदच ठेवले.

आणि काय सांगू भाऊजी, लोकांनी काय काम केलं! सुरुवातीला शेजारचे पुंजाबाबा दूध घेऊन आले. फाटकातच थबकले. मला वाटलं आता विचारणार, "काय चाललंय?" छे! किटली खाली ठेवली, टोपी सारखी केली, दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुकाट्याने रांगेत बसले. थोड्या वेळाने उठले आणि "येतो" न म्हणता गेले. दारावर आलेला माणूस जातो तसे, अगदी तंतोतंत! कुणी शिकवलं त्यांना? त्यानंतर वस्तीवरच्या दोघी आल्या, तोंडाला पदर. शेवटी बारकूअण्णांच्या घरून टोपलीभर भाकरी आणि पातेलंभर पिठलं आलं. त्यांच्या घरच्या बायका मुकाट्याने उंबऱ्यापाशी ठेवून गेल्या. फिल्मच्या युनिटला जेवण लागतं हे त्यांना कसं सुचलं असेल? मला तर भरूनच आलं.

पहिल्या दिवशी ऊन फार चढलं म्हणून रविवारी परत घेतलं, तर जीप भरून बायका! रडतच उतरल्या. सरिताने निरोप पसरवला असणार, ती नाही म्हणते, पण तिचं काय खरं? एका आजींनी मला मिठी मारून असा टाहो फोडला की मला खरंच रडू आलं. अभिनय करू नका म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मला एकच कुतूहल आहे. आपल्या माणसांना हे इतकं चांगलं कसं येतं?

तुमची,
उज्वलावहिनी


गोरेगाव, मुंबई
१५ डिसेंबर २०२४

वहिनी,

लोकांनी काम केलं नाही. एकदा शांतपणे आठवा, पिठलं-भाकरी आपल्याकडे कुणाच्या घरी आणि कधी मुकाट्याने नेऊन ठेवतात? तो कडू घास होता. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात तो. आई आठवडाभर गावात दिसली नव्हती, दवाखान्यात आहे हे सगळ्यांना माहीत. पुंजाबाबांनी माळ घातलेला फोटो पाहिला, मान खाली घालून बसलेला दादा पाहिला. दारावर गेल्यावर आपल्यात कुणी काही विचारतं का? नाशिकलाच उरकून आले असतील, असं त्यांनी धरलं. तुम्ही बोलायचं नाही असं ठरवलेलं, त्यांना बोलायचं नसतंच. झालं.

मी म्हणालो होतो, माळ नको. खेळ आहे का तो? लोकांच्या जिवाला काय होत असेल याचा विचार नको का? आणि आईने तरी काय म्हणून गॉगल लावून "चहा कुणी देतं का नाय मला?" ओरडत ओट्यावर यावं? थोडं आधी आली असती तर जीपमधल्या बायकांपैकी एखादी तिथेच बसली असती.

सगळ्यांच्या घरी जाऊन सांगा. फिल्मचं नंतर बघू. कामात आहे.

किशोर


मळा, ता. निफाड
२२ डिसेंबर २०२४

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी आमच्या डोक्यात उजेड पडला होता. लासलगावहून आत्याबाईंच्या भाच्याचा, संतोषचा, फोन आला आणि नेमका आत्याबाईंनीच उचलला. तो म्हणतो, "दशक्रिया रामकुंडावर हाय का त्र्यंबकला?" या म्हणाल्या, "कुणाची रे?" "आत्याची." "कंच्या आत्याची?" "आपल्या चतुराआत्याची." तर आत्याबाई म्हणतात, "मंग तू आता कुणाशी बोलू राहिला?" फोन बंद! बिचाऱ्याने संध्याकाळपर्यंत उचललाच नाही.

त्यानंतर घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. दादांनी माझा मोबाइल कपाटात ठेवून कुलूप घातलं. "तुझ्या फिल्मपायी मला माझ्या जित्त्या आईचा सुतकी केला!" म्हणाले. दारोदार जाऊन सांगून आले. पुंजाबाबा आधी रागावले, मग म्हणाले, "चांगलं झालं, म्हातारीचं आयुष्य वाढलं." पण दादांनी ठणकावलं की फिल्म बंद, शिबिर बंद. मी दोन दिवस जेवले नाही. चूक माझी होती, ते कबूल. पण चुकलं म्हणून शिकायचंच नाही का? कपाटासमोरून जाताना रडू यायचं.

मोबाइल बाहेर काढला तो आत्याबाईंनी. दादांना म्हणाल्या, "चावी दे. माझ्या मयताला कोन कोन आलं ते बघू दे मला. कोन रडलं अन् कोन नुसतंच पदर लावून बसलं ते कळाया नको?" काळा गॉगल वर सरकवला आणि नव्या डोळ्याने बघत बसल्या. "ही बघ, हिनं माझा पाटा-वरवंटा नेला तो दिला नाय, अन् रडती केवढं!" असं सगळं चाललं होतं. मीही शेजारी बसून बघत होते. आणि माझ्या डोक्यात तुमचं पत्र घोळत होतं. कारण भाऊजी, गॉगलचं मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. चहाचंही नाही.

रविवारचा शेवटचा तुकडा. जीप निघून गेलीय, धूळ आहे, ओटा रिकामा. तुम्हीच सांगितलं होतं, चौकटीच्या कडेला बघा. फाटकाशी एक माणूस, खांद्याला बॅग. पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या. तो दोन पावलं आत येतो. तेवढ्यात आत्याबाई ओट्यावर येऊन ओरडतात. तो माणूस तिथेच मातीत बसतो. कितीतरी वेळ बसून राहतो, तोंड दोन्ही हातांत. मग उठतो, चपला घालतो आणि जातो.

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "मागं घे." घेतलं. "अजून मागं घे." असं किती वेळा घेतलं ते मोजलं नाही. मग उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर पाठ करून बसलेल्या. म्हटलं, "आत्याबाई, डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलंय." तर म्हणाल्या, "मंग उभी काय राहिली? पूस."

तुम्ही फाटकापर्यंत आला होतात, भाऊजी. मग आत का नाही आलात? आई जिवंत दिसल्यावर कुणी परत फिरतं का? मला हे समजतच नाही, आणि त्या तर कुणाला विचारणार नाहीत. म्हणून मी विचारते. रागवायचं तर रागवा.

उज्वलावहिनी


गोरेगाव, मुंबई
२७ डिसेंबर २०२४

वहिनी,

रागावलो नाही. शनिवारी दुपारी मोतीरामचा फोन आला, माझ्याबरोबर शाळेत होता तो. "चतुराकाकी गेल्या रे," एवढंच म्हणाला. दादाला फोन लावला, बंद. तुम्हाला लावला, बंद. बंद ठेवा म्हणून मीच शिकवलेलं, पण तेव्हा ते कुठलं सुचतंय. परत परत लावत राहिलो. अप्पा गेले तेव्हा दादाने माझा बंद फोन असाच लावला असेल ना, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

संध्याताईला फोन करायचं धाडस झालं नाही. ती "हो" म्हणाली असती तर? रात्रीची गाडी धरली. वाटेत एकच घोकत होतो, की दारात पाय ठेवायचाच. मेलेल्या माणसाची शपथ मोडली तर ते माफ करतं, असं मनाला समजावलं होतं.

आणि ती बाहेर आली. चहासाठी भांडत. वहिनी, तिचा तो आवाज ऐकला आणि मी तिथेच मातीत बसलो. इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. मग आठवलं की ती जिवंत आहे, म्हणजे तिचा शब्दही जिवंत आहे. मेलेल्या आईच्या दारात मी गेलो असतो. जिवंत आईने नको म्हटलेल्या दारात कसा जाऊ? तिने परत तेच म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं. म्हणून फिरलो.

तो तुकडा फिल्ममध्ये ठेवायचा की काढायचा हे तुम्ही ठरवा. कापणारा म्हणून विचाराल तर तुमच्या अख्ख्या शूटिंगमधला तोच सगळ्यात खरा आहे. दिग्दर्शक तुम्ही आहात. दादाला सांगा, वहिनीला अडवू नकोस. पहिल्याच फिल्मला अर्धा तालुका रडवलात, असं आमच्याकडे भल्याभल्यांना जमत नाही.

आईला काही सांगू नका.

किशोर


मळा
३१ डिसेंबर २०२४

किशोर,

मी सांगती अन् उज्वला लिहिती. ती मधीमधी थांबती, डोळे पुसती, म्हणून अक्षर हललं असंल.

तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. सांगू नका म्हनला होता, पन ती माझी सून हाय, तुझी नाय. तिच्यावर रागावू नको. सहादूला, तुझ्या दादाला, मी सांगितलं, की तिला शिकू दे, नाय तर मी खरंच मरंन अन् तवा कुणी यायचं नाय, सगळे म्हनतील फिल्मच असंल. तो हसला. मोबाइल दिला तिला. ती फिल्म पाठवू राहिली.

तो फाटकातला तुकडा ठेवू का, असं तिनं मला इचारलं. मी म्हनले, काढ. पाठमोरं लेकरू मला नको. त्यातलं मला काय कळत नाय, पन ते बघून मला जेवन गेलं नाय.

आता माझं ऐक. मी मेली तर तू रातोरात आला. जित्ती दिसली तर फिरला. लोकं असं ऐकून मला काय म्हनतील? आईनं मरावं तवा पोरगा यावा, अशी कोन आई असती रे? तुझा बाप गेला तवा मी रागात होती. मला कुणावर तरी राग काढायचा होता, तू समोर आला. तुझा फोन बंद होता यात तुझी काय चूक नाय हे मला तवाच कळत होतं. पन बोलून बसली अन् तू गेला. मी वाट बघत बसली, की दोन दिवसांनी येईल, चार दिवसांनी येईल. तू माझा शब्द पाळीत बसला. आईचं सगळंच ऐकायचं नसतं, एवढं शिकवायचं राहिलं माझं.

शब्द माझा होता. मी मागं घेती. दारात पाय ठेव, चुलीपाशी ये, कुठंबी बस.

येत्या शनिवारी ये. दिवसा ये, सगळ्यांच्या देखत. अन् येताना रडत येऊ नको, नाय तर लोकं पुन्हा पिठलं-भाकरी घेऊन यायची.

तुझी आई,
चतुराबाई